घाटापलीकडचे रँग्लर

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात 'रँग्लर' म्हटलं की एकच नाव पुढे येतं, र. पु. परांजपे. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा हा मुलगा केंब्रिजला गेला आणि १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झाला, ही गोष्ट इथल्या शाळांत अजून सांगितली जाते. मी आज ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते रँग्लर मात्र आंबा घाटाच्या पलीकडचे, कोल्हापूरचे. विष्णु वासुदेव नारळीकर. आडनावात नारळ असला तरी कोकणातले नव्हेत! बहुतेकांना ते जयंत नारळीकरांचे वडील एवढेच ठाऊक असतात. माझ्या मते हा त्यांच्यावर थोडा अन्याय आहे.

त्यांच्याकडे मी वळले ती एका वेगळ्याच कारणाने. गेल्या वर्षीपासून मी व्यापक सापेक्षता सिद्धांताचा एम.एस्सी. पातळीचा अभ्यासक्रम, रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानांवरून, सबमिशन आणि प्रॅक्टिकलमधून वेळ काढून करतेय. मेकॅनिकलच्या मुलीला टेन्सर नवा नसतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये स्ट्रेस टेन्सर भेटलेला असतो, नऊ घटकांचा, त्यातले सहा स्वतंत्र. पण इथे चार मिती. आइन्स्टाइनची समीकरणं दहा, आणि वक्रता सांगणाऱ्या रीमान टेन्सरचे स्वतंत्र घटक वीस. वरचे इंडेक्स, खालचे इंडेक्स, वहीची पानंच्या पानं भरतात. घरचे विचारतात, याचा उपयोग काय? पुढे नोकरी की एम.एस्सी., हा प्रश्न त्यामागे असतो आणि तो मलाही पडलेला आहे. मग मी मिरकरवाडा बंदरातल्या मच्छीमार बोटींवरच्या जीपीएसचं उदाहरण देते. त्याच्या उपग्रहांतली घड्याळं सापेक्षतेमुळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. हिशेबात ते धरलं नाही तर अंतरातली चूक दिवसाला दहा-अकरा किलोमीटरने वाढेल. घरचे गप्प बसतात. पण मनातून मला माहीत असतं की मी काही जीपीएससाठी हे शिकत नाहीये. आणि आपल्या देशात हा विषय वर्गात शिकवायला ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांच्यापुढे तर जीपीएसही नव्हतं.

विष्णुपंतांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ चा. कोल्हापूरहून मुंबईला, तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली बी.एस्सी., आणि मग जे. एन. टाटा शिष्यवृत्तीवर केंब्रिज. १९३० साली ते रँग्लर झाले, खगोलशास्त्रासाठीचं टायसन पदक मिळालं, आयझॅक न्यूटन स्टुडंटशिप आणि रॅले पारितोषिकही मिळालं. ही यादी मी भराभर सांगितली, कारण खरी गोष्ट बक्षिसांची नाही. तेव्हा केंब्रिजला आर्थर एडिंग्टन होते. १९१९ च्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळून जाणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वळतो ते मोजणारे एडिंग्टन. १९२३ साली त्यांनी सापेक्षतेच्या गणितावर लिहिलेला ग्रंथ बरीच वर्षं या विषयाचा आधार होता. आइन्स्टाइनचा सिद्धांत १९१५ चा, म्हणजे नारळीकर तो शिकत होते तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता! आणि शिकवणारा माणूस एडिंग्टन.

१९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी पंडित मदनमोहन मालवीय विलायतेला गेले होते. बनारस हिंदू विद्यापीठ हे त्यांचं अपत्य, आणि त्यासाठी हुशार माणसं हेरायची त्यांना सवय होती. त्यांनी या तरुणाला बनारसला बोलावलं. परदेशात संशोधन करत राहण्याचा रस्ता नारळीकरांना उघडा होता. त्याच काळात केंब्रिजला आलेले चंद्रशेखर परदेशातच राहिले, मोठे झाले, १९८३ साली नोबेलही मिळालं. नारळीकर १९३२ साली परत आले आणि चोविशीच्या आसपास असताना बनारसच्या गणित विभागाचे प्रमुख झाले.

आता काळ बघा. तिसाव्या-चाळिसाव्या दशकात सापेक्षतेला जगभर ओहोटी लागली होती. भौतिकशास्त्रातली हुशार मुलं पुंजयामिकीकडे, अणुकेंद्राकडे धावत होती. व्यापक सापेक्षता म्हणजे सुंदर पण निरुपयोगी गणित, असाच समज होता. प्रयोग करायला जागा नाही, नोकऱ्या नाहीत. भारतात कलकत्त्याला एन. आर. सेन यांच्यासारखे मोजके लोक या विषयात होते. अशा वेळी बनारसमध्ये एक माणूस खडू घेऊन फळ्यासमोर उभा राहतो आणि जवळजवळ अठ्ठावीस वर्षं हा विषय शिकवतो, त्यात विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घेतो. मला यात मालवीयांच्या बोलावण्याइतकंच नारळीकरांच्या चिकाटीचं आश्चर्य वाटतं.

या शाळेची सगळ्यात गाजलेली गोष्ट प्रह्लाद चुनीलाल वैद्य या गुजराती तरुणाची. १९४२ साल. चलेजावचं वर्ष, देश पेटलेला. वैद्य नारळीकरांकडे सापेक्षता शिकायला बनारसला आले ते बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन, गाठीला साठवलेल्या पैशांवर. ते पैसे पुरले सुमारे दहा महिने. एवढ्या मुदतीत त्यांनी जे काम केलं ते आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत 'वैद्य मेट्रिक' या नावाने आहे.

ते काय आहे, थोडक्यात सांगते. १९१६ साली प्रसिद्ध झालेलं श्वार्झशिल्डचं उत्तर आइन्स्टाइनच्या समीकरणांचं पहिलं अचूक उत्तर. एकटा गोल तारा, त्याच्याभोवती रिकामी जागा. ग्रहांच्या कक्षा, प्रकाशाचं वळणं, सगळं त्यातून निघतं. पण त्यात एक गंमत आहे. ती जागा खरोखरच रिकामी धरलेली आहे, म्हणजे या ताऱ्यातून प्रकाशही बाहेर पडत नाही. न उजळणारा सूर्य! खरा सूर्य तर ऊर्जा बाहेर टाकतो, आणि ऊर्जा म्हणजे वस्तुमान, तेव्हा त्याचं वस्तुमान कणाकणाने घटतं. वैद्यांनी उजळणाऱ्या ताऱ्याभोवतीचं अवकाश गणिताने मांडलं आणि १९४३ साली ते 'करंट सायन्स' मध्ये प्रसिद्ध झालं. आता कुणी म्हणेल, श्वार्झशिल्डच्या सूत्रात वस्तुमान काळाबरोबर बदलतं लिहिलं की झालं. तसं होत नाही. आज पुस्तकांत हे सूत्र ज्या रूपात येतं त्यात काळ मोजायचा तो बाहेर जाणाऱ्या प्रकाशकिरणाबरोबर, तेव्हा कुठे समीकरणं जुळतात. सूर्यासाठी हा फरक नगण्य आहे. पण १९६३ साली क्वेसार सापडले आणि पुढे कोसळत्या ताऱ्यांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा वीस वर्षांपूर्वीचं बनारसचं गणित सगळ्यांना हवं झालं.

नारळीकरांचं स्वतःचं कामही होतंच. वक्रतेचे वीस घटक तुम्ही कुठले अक्ष घेता त्याप्रमाणे बदलतात. मग कुठेही उभं राहून मोजलं तरी न बदलणाऱ्या राशी किती? चौदा. त्या चौदा राशी त्यांनी के. आर. करमरकर यांच्यासोबत मांडल्या. (प्रिन्सिपल स्ट्रेस आठवा : अक्ष फिरवले तरी तो बदलत नाही. कल्पना तीच, पसारा मोठा.) करमरकरांनी १९४८ साली दिलेली एक अट ताऱ्यांच्या अंतर्भागाची प्रतिमानं करणारे लोक आजही वापरतात आणि तिला 'करमरकर अट' म्हणतात.

घरात पत्नी सुमती, संस्कृतच्या जाणकार. थोरला मुलगा जयंत १९३८ चा, बनारस विद्यापीठाच्या आवारातच वाढला, तिथूनच बी.एस्सी. झाला आणि वडिलांच्याच वाटेने केंब्रिजला जाऊन रँग्लर झाला. टायसन पदकसुद्धा दोघांना.

१९६० साली नारळीकरांनी बनारस सोडलं आणि राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून अजमेरला गेले. गणिताच्या माणसाने ही वर्षं तिथे का घालवावीत, असं मला वाटून जातं. पण ते पुन्हा विषयाकडे आले. पुणे विद्यापीठात ते उपयोजित गणिताचे लोकमान्य टिळक प्राध्यापक झाले. रत्नागिरीत जन्मलेल्या आणि स्वतः गणित शिकवलेल्या माणसाच्या नावाची ही जागा, याचं आम्हा रत्नागिरीकरांना जरा जास्तच कौतुक.

१९६९ साली त्यांच्या साठीनिमित्त अहमदाबादला सापेक्षतेवर परिसंवाद भरला. तिथेच देशातल्या सापेक्षतावाद्यांची संघटना स्थापन झाली आणि पहिले अध्यक्ष नारळीकर झाले. ओहोटीच्या काळात ज्यांना शिकवलं त्यातले कितीतरी आता वेगवेगळ्या विद्यापीठांत स्वतःचे वर्ग घेत होते. वैद्य गुजरातेत शिकवत होते, आणि ते २०१० पर्यंत जगले.

१ एप्रिल १९९१ रोजी पुण्यात नारळीकरांचं निधन झालं. तीनच वर्षांपूर्वी, १९८८ साली, जयंतरावांच्या पुढाकाराने पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' सुरू झाली होती. देशभरच्या विद्यापीठांतली मुलं तिथे सापेक्षता शिकायला येऊ लागली होती.