उत्तरपत्रिकेचे कोरे पान

जे. आर. आर. टोल्किन १९२५ साली ऑक्सफर्डला अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेहेतीस होते. आईवडिलांचे छत्र बाराव्या वर्षीच हरपलेले. पुढे चार मुलांचा संसार पगारात भागेना, म्हणून हे विद्वान उन्हाळ्यात शालेय परीक्षांचे पेपर तपासत. अशाच एका गठ्ठ्यात कुणा परीक्षार्थीने कोरे सोडलेल्या पानावर त्यांनी सहज एक वाक्य लिहिले आणि त्यातून ‘द हॉबिट’ (१९३७) जन्मले. कोऱ्या पानावर काट मारण्याची परीक्षकी शिस्त त्यांनी पाळली नाही, हे वाङ्मयाचे भाग्यच! महायुद्धात कागद दुर्मिळ झाला, तेव्हा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे खर्डेही जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर उतरले.

१९५७ मध्ये ही हस्तलिखिते अमेरिकेतील मार्क्वेट विद्यापीठाने १,५०० पौंडांना घेतली. मात्र पन्नासहून अधिक वर्षे लिहीत आलेले ‘सिल्मरिलियन’ १९७३ साली, त्यांच्या निधनसमयी, अपुरेच होते. धाकटे चिरंजीव ख्रिस्तोफर हेही ऑक्सफर्डलाच इंग्रजी शिकवीत. १९७५ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि पेन्सिलीवर शाईने पुन्हा लिहिलेल्या, जेमतेम लागणाऱ्या त्या ओळी वाचीत बसले. १९७७ मध्ये ‘सिल्मरिलियन’ निघाले. उरलेल्या कागदांचे बारा खंड पुरे व्हायला १९९६ साल उजाडले.