सर्पगंधा, डॉ. वकील आणि कंपवात

अमरावती किंवा अकोल्याच्या एखाद्या दवाखान्यात थरथरत्या हातांच्या वृद्धाला आज 'लेव्होडोपा'ची गोळी सहज लिहून दिली जाते. त्या गोळीमागील विचाराची एक वाट मुंबईच्या केईएम रुग्णालयातून गेलेली आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. ज्यांच्यामुळे ती वाट मोकळी झाली, त्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा अभ्यास कंपवाताचा नव्हताच. ते हृद्रोगाचे वैद्य होते.

वकिलांचा जन्म १९११ साली मुंबईत, एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकाचे शिक्षण लंडनमध्ये घेऊन ते १९३८ साली परतले, तेव्हा वाढत्या रक्तदाबावर भरवशाचे औषध जगात कोठेच नव्हते. आपल्याकडे वैद्य व हकीम मात्र उन्माद आणि निद्रानाशावर सर्पगंधेची मुळी पिढ्यान्‌पिढ्या देत आले होते. तिने रक्तदाब उतरतो, हेही कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच प्रसिद्ध केले होते. म्हणजे शोधाचा पहिला मान वकिलांचा नव्हे. त्यांचे श्रेय निराळे आणि बहुधा अधिक कष्टाचे आहे. त्यांनी ५० रुग्ण निवडले, चार आठवडे औषध दिले, रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्या मांडल्या. ऐकीव गुणाला आकड्यांचा आधार मिळताच पाश्चात्त्य वैद्यकाला या मुळीची दखल घेणे भाग पडले.

१९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून 'रिसर्पीन' हे द्रव्य वेगळे करण्यात आले व त्याचा वापर झपाट्याने पसरला. मग एक विपरीत गोष्ट दिसू लागली. काही रुग्णांची हालचाल मंदावे, अंग ताठे, हात कापू लागत, थेट कंपवातासारखे. औषध थांबवले की हे ओसरे. अनेकांनी याला केवळ दुष्परिणाम मानले. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी त्याचे कारण शोधले. मज्जापेशींच्या टोकांशी साठवलेली डोपामीनसारखी द्रव्ये रिसर्पीनमुळे रिती होतात. १९५७ साली त्यांनी रिसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना डोपा टोचले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. कंपवाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूच्या खोल गाभ्यात डोपामीन फारच कमी उरलेले असते, हे १९६० साली व्हिएन्नात होर्निकीविच यांनी दाखवून दिले.

डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. लेव्होडोपा शिरते व तेथे तिचे डोपामीन होते. हालचालींवर बसलेला अंतर्गत लगाम त्याने सैल होतो. पण काही वर्षांनी साठवण करणाऱ्या पेशीच इतक्या घटतात की मेंदूचे काम गोळीच्या तालावर चालते. औषध चढले की अनावर अंगविक्षेप, उतरले की ताठरपणा. शिवाय मेंदूच्या ज्या भागांत डोपामीन अजून पुरेसे आहे, तेथे तीच मात्रा जास्त ठरू शकते. काही रुग्णांना जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागतो, तो या वर्गाच्या औषधांमुळे. घरच्यांनी त्याला म्हातारचळ म्हणून हिणवण्याऐवजी डॉक्टरांना सांगावे. गोळी मनानेच बंद करणे मात्र धोक्याचे असते.

हेच डोपा १९३७ साली मद्रासमध्ये खाजकुहिलीच्या बियांतून वेगळे केले गेले होते. अंगाला लागताच खाज सुटणाऱ्या या शेंगा रानावनांत हिंडणाऱ्यांना चांगल्याच ओळखीच्या. एका वनस्पतीने डोपामीन हिरावावे आणि दुसरीत त्याची भरपाई असावी, हा निसर्गाचा विलक्षण योग! तरी बियांच्या चूर्णात डोपाचे प्रमाण सारखे नसते. गोळीऐवजी ते घेणे म्हणजे न मोजता औषध घेणे, आणि वकिलांची सारी कामगिरी तर मोजण्यातच होती.

१९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, १९५८ साली पद्मभूषण. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले, ते पाहायला वकील नव्हते. १९७४ साली मुंबईचा हा वैद्य निवर्तला, तेव्हा लेव्होडोपाच्या गोळ्या जगभर दिल्या जाऊ लागल्या होत्या.