जो डेव्हिस : स्नूकरला स्पर्धा मिळवून देणारा खेळाडू

टीव्हीवर स्नूकरच्या मोठमोठ्या रँकिंग स्पर्धा तुम्ही कधीतरी पाहिल्या असतील. हिरवं टेबल, रंगीत चेंडू आणि अगदी चिडीचूप प्रेक्षक. हा खेळ जन्मला आपल्याच देशात. १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी तो शोधला. पण त्याला जागतिक स्पर्धा मिळाली ती जो डेव्हिस यांच्यामुळे.

जो यांचा जन्म १५ एप्रिल १९०१ रोजी इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात, व्हिटवेल या गावी झाला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. पुढे त्यांनी चेस्टरफील्डजवळ दारूचा गुत्ता चालवायला घेतला आणि तिथल्याच बिलियर्ड्सच्या टेबलावर जो यांचा हात बसला. उजव्या डोळ्याने त्यांना नीट दिसायचं नाही, म्हणून ते काठी, म्हणजे क्यू, डाव्या डोळ्याच्या रेषेत धरायचे. अठराव्या वर्षी ते व्यावसायिक खेळाडू झाले.

त्या काळी मान होता बिलियर्ड्सला. स्नूकर म्हणजे फावल्या वेळचा खेळ. पण बिलियर्ड्सचे खेळाडू इतके तरबेज झाले होते की एकच जण तासन्‌तास गुण करत बसायचा आणि लोक कंटाळायचे. जो यांनी हे ओळखलं. जागतिक स्पर्धा घ्या, असं त्यांनी संघटनेला सुचवलं. पैसे देऊन हा खेळ कोण बघणार, अशी संघटनेला शंका होती. शेवटी बर्मिंगहॅमचे बिल कॅमकिन यांच्या मदतीने स्पर्धा ठरली. खेळाडू किती? फक्त दहा! १९२७ च्या मे महिन्यात जो यांनी टॉम डेनिस यांना २०-११ असं हरवलं. बक्षीस मिळालं साडेसहा पौंड. खेळाडूंच्या वाट्याचे प्रवेश शुल्काचे पैसे संघटनेने चषक विकत घ्यायला वापरले होते. आजही जगज्जेत्याला तोच चषक मिळतो.

१९३१ ची गोष्ट तर ऐकाच. जागतिक स्पर्धेत खेळाडू उरले दोन, जो आणि तेच टॉम डेनिस. सामना झाला नॉटिंगहॅमला. जो २५-२१ ने जिंकले. स्पर्धा त्या वर्षी बंद पडली असती तर आजचं स्नूकर कसं असतं, कोण जाणे.

१९२७ ते १९४६ या काळात जो यांनी पंधरा वेळा ही स्पर्धा जिंकली, एकदाही हरले नाहीत. १९४० साली मात्र धाकटा भाऊ फ्रेड याने घाम फोडला. अंतिम सामना ३७-३६ असा सुटला. १९४६ नंतर जो या स्पर्धेत उतरले नाहीत, इतर सामने मात्र खेळत राहिले. मला वाटतं, इथेच खेळाचं नुकसान झालं. सर्वांत चांगला खेळाडू बाहेर बसलाय हे लोकांना ठाऊक असताना जगज्जेत्याला मान कसा मिळणार? १९५७ नंतर तर काही वर्षं स्पर्धाच भरली नाही.

१९५५ मध्ये जो यांनी १४७ गुणांचा पूर्ण डाव केला. जरा वहीत मांडून बघा. लाल चेंडूचा १ गुण, काळ्याचे ७, असं पंधरा वेळा केलं की १२०. मग सहा रंगीत चेंडूंचे २ पासून ७ पर्यंत, म्हणजे २७. या डावाला अधिकृत मान्यता मिळायला १९५७ उजाडलं.

१९७६ मध्ये खेळाडूंची जागतिक क्रमवारी सुरू झाली. १९७७ पासून जागतिक स्पर्धा शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात होऊ लागली. १९७८ साली तिथे ६४ वर्षांचा फ्रेड उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिकेच्या पेरी मान्सशी झुंजत होता. जो प्रेक्षकांत बसले होते. एवढे सामने खेळलेला माणूस, पण भावाचा खेळ बघताना त्यांना ताण सहन होईना आणि त्यांची तब्येत बिघडली. फ्रेड १८-१६ असा थोडक्यात हरला. जो त्या आजारातून उठले नाहीत. १० जुलै १९७८ रोजी त्यांचं निधन झालं.