रस्ता मोकळा करणारा माणूस : मेजर राम राघोबा राणे

परमवीर चक्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शत्रूवर तुटून पडणारा जवान उभा राहतो. पण हेच पदक एका माणसाला रस्ता मोकळा केल्याबद्दल मिळालेलं आहे! सुरुंग काढणे, आडवी टाकलेली झाडं उडवणे, तुटलेल्या मोरीच्या बाजूने वाट काढणे... आपल्या सिव्हिलवाल्यांच्या भाषेत साईटवरचं काम. फरक एवढाच, की त्या साईटवर मशीनगन चालू होत्या. त्यांचं नाव मेजर राम राघोबा राणे.

राणे आपल्या शेजारच्या कारवारकडचे. २६ जून १९१८ रोजी चेंडिये गावी त्यांचा जन्म झाला. वडील पोलिसात. त्यांच्या सारख्या बदल्या होत असल्यामुळे मुलाचं शिक्षण विस्कळीत झालं. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर १० जुलै १९४० ला राणे ब्रिटिश हिंदी सैन्याच्या बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. ऑफिसर म्हणून नव्हे, साधे रिक्रूट म्हणून. ट्रेनिंगमध्ये ते बॅचचे सर्वोत्कृष्ट रिक्रूट ठरले आणि त्यांना कमांडंटची छडी बक्षीस मिळाली.

पुढे ब्रह्मदेशात जपान्यांशी लढाई. आराकानमधून माघार घेताना महत्त्वाचं साहित्य शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ते नष्ट करायचं काम राण्यांच्या छोट्या तुकडीवर सोपवून सैन्य मागे आलं. नंतर त्यांना बोटीने न्यायचं ठरलं होतं, पण ते काही जमलं नाही. तेव्हा जपानी गस्त असलेली नदी या तुकडीने स्वतःच पार केली आणि आपली डिव्हिजन गाठली. राणे हवालदार झाले, मग जमादार आणि १५ डिसेंबर १९४७ ला सेकंड लेफ्टनंट. म्हणजे एक एक पायरी चढत ते ऑफिसर झाले.

चारच महिन्यांनी त्यांची खरी परीक्षा आली. एप्रिल १९४८, काश्मीरचं युद्ध. नौशेराहून राजौरी घ्यायला आपलं सैन्य निघालं, पण शत्रूने रस्त्याची पार वाट लावली होती. ८ तारखेला काम सुरू होण्याआधीच तोफगोळे पडले. तुकडीतले दोघे ठार, पाच जखमी. जखमींत राणे स्वतः होते. तरी त्यांनी माणसं पुन्हा जमवली आणि रात्री दहापर्यंत काम रेटलं. ९ तारखेला सकाळी सहापासून पुन्हा तेच. संध्याकाळी समोर पाईनची पाच मोठी झाडं आडवी, भोवती सुरुंग आणि वरून मशीनगन. अंधार पडला म्हणून थांबावं लागलं. १० तारखेला पहाटे पावणेपाचला परत सुरुवात आणि साडेसहाला तो अडथळा साफ!

मला सगळ्यात जास्त भावतं ते यापुढचं. पुढे रणगाडे रस्ता सोडून तावी नदीच्या पात्रातून निघून गेले आणि दुपारी चिंगसला पोचले. राण्यांना तिथे थांबता आलं असतं. पण मागून रसद घेऊन येणाऱ्या गाड्यांना रस्ता हवाच होता. म्हणून ते न खाता, न विसावता रात्री नऊपर्यंत राबले. ११ तारखेला सकाळी अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला आणि १२ ला राजौरी हाती आली. मी कुरुंदवाडचा. २०१९ च्या महापुरात आमच्याकडे होड्या पोचत होत्या, पण दूध, औषधं, सिलिंडर यांच्या गाड्यांना शेवटी रस्ताच लागतो. त्यामुळे राण्यांना काय कळलं होतं, हे आम्हा नदीकाठच्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही.

परमवीर चक्र हे पदक २६ जानेवारी १९५० ला सुरू झालं. ब्राँझचं पदक, त्यावर इंद्राची चार वज्रं, जांभळी फीत. त्याची रचना केली सावित्रीबाई खानोलकर यांनी. त्याच वर्षी राण्यांना ते जाहीर झालं. इंजिनिअर्स कोअरचं हे पहिलं परमवीर चक्र. युद्धाच्या अहवालांत गौरवपूर्ण उल्लेखही त्यांच्या वाट्याला आले. १९६८ ला ते मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ ला त्यांचं निधन झालं. त्यांचं नाव एका तेलवाहू जहाजाला दिलं गेलं आणि २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटालाही.

आपण चार वर्षं इथे राहतो. सबमिशन, मेस, बॅक यांच्याबद्दल कुरकुर करतो आणि डिग्री हातात आली की इंजिनिअर झालो असं समजतो. राणे रिक्रूट म्हणून आत गेले आणि इंजिनिअर कशाला म्हणायचं हे चार दिवसांत दाखवून गेले. दुसऱ्यांना पुढे जाता यावं म्हणून जो मागे राहून काम पुरं करतो, तो इंजिनिअर.

पुढच्या वेळी कारवार-गोव्याची ट्रिप निघाली, की कारवारच्या समुद्रकिनारी युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. फोटो काढून झाले की दोन मिनिटं तिथे थांबा.