न्यूयॉर्कमधील भीमराव

जुलै १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्क बंदरात उतरले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते. 'बाबासाहेब' ही उपाधी तेव्हा त्यांना लाभलेली नव्हती. ते होते सुभेदार रामजींचे धाकटे पुत्र भीमराव. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत वडिलांचे छत्र हरपले होते. घरी पत्नी रमाबाई आणि अवघ्या काही महिन्यांचा यशवंत होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली होती. तिच्या मोबदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची चाकरी करण्याच्या करारावर ४ जून १९१३ रोजी त्यांनी सही केली होती. कोलंबिया विद्यापीठाच्या दारात हा तरुण असा कर्तव्यांचे ओझे घेऊन उभा होता.

तोवरचे त्यांचे शिक्षण वडिलांच्या शिस्तीत झाले होते. परळच्या चाळीतील त्या अपुऱ्या जागेत अभ्यासाला निवांतपणा कुठला? म्हणून मुलाने लवकर निजावे, मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास वडिलांनी त्याला उठवावे आणि दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचन चालावे, असा तेथला क्रम होता. मुलाला पुस्तके मिळावीत म्हणून सुभेदार प्रसंगी मुलींचे दागिने गहाण टाकीत. एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक म्युलर यांच्यासारखे शिक्षक पुस्तके देत, प्रसंगी कपडेही देत. पण त्याच महाविद्यालयातील उपाहारगृहाचा चालक त्यांना चहापाणी देत नसे. मायेचा धाक घरात आणि अपमानाचा काच बाहेर, अशा दुहेरी चौकटीत वाढलेल्या मुलाला न्यूयॉर्कमध्ये एकाएकी दोन्हींतून मोकळीक मिळाली. पहाटे उठविणारे कोणी नव्हते आणि जात विचारणारेही कोणी नव्हते.

ही दुसरी मोकळीक किती मोठी होती, याची कल्पना आज करणे सोपे नाही. ज्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नव्हता, तो आता इतरांच्या पंक्तीला बसून जेवू लागला, वाटेल त्या बाकावर बसू लागला, वाटेल त्या ग्रंथालयात शिरू लागला. प्रथम ते विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात राहिले. तेथील अन्न न मानवल्याने थोड्याच दिवसांत हिंदी विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये मुंबईचे पारशी विद्यार्थी नवल भथेना यांच्यासमवेत त्यांनी बिऱ्हाड थाटले. हा स्नेह जन्मभर टिकला.

पहिले काही महिने मात्र अभ्यासात मन रमले नाही. गप्पांचे फड, खेळ आणि मित्रमंडळींबरोबरची भटकंती यांत दिवस जाऊ लागले. चरित्रकारांनी ही गोष्ट लपविलेली नाही आणि लपविण्याचे कारणही नाही. बाविसाव्या वर्षी, आयुष्यात प्रथमच बरोबरीच्या नात्याने वागविणाऱ्या समाजात आलेल्या तरुणाला चार दिवस त्या वाऱ्याचा आस्वाद घ्यावासा वाटला, तर त्यात आश्चर्य ते काय! उलट आजच्या विद्यार्थ्याला त्यांच्या अठरा तासांच्या अभ्यासापेक्षा हे महिनेच अधिक जवळचे वाटतील, असे आम्हाला वाटते.

मग एके रात्री विचारांचे काहूर उठले आणि त्यांनी स्वतःलाच जाब विचारला. आपण येथे कशासाठी आलो, कोणाच्या पैशावर राहतो, घरची माणसे कोणत्या हालात दिवस काढीत आहेत, या प्रश्नांनी झोप उडाली. त्या रात्रीनंतर दिनक्रम पालटला. वडील जे काम दिवा लावून करीत, ते आता त्यांनी स्वतःकडे घेतले. रोजचे अठरा तास वाचन-लेखनात जाऊ लागले. नाटक-तमाशे सुटले. कॉफीचा पेला, दोन मफिन आणि मासळीचा किंवा मांसाचा एखादा पदार्थ एवढ्यावर जेवण उरकावे, भूक दाबावी आणि उरलेल्या पैशांतून काही रक्कम रमाबाईंना धाडावी, असे गणित त्यांनी बसविले. शिष्यवृत्तीच्या त्या मोजक्या पौंडांत दोन संसार चालवायचे होते.

एका बाबतीत मात्र काटकसर नव्हती. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी जवळजवळ दोन हजार ग्रंथ जमविले. अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच आणि मानवशास्त्राचे चार एवढे अभ्यासक्रम त्यांनी निवडले. राज्यशास्त्र, फ्रेंच आणि जर्मन निराळे. पदवीसाठी एवढ्याची गरज नव्हती, पण फिरून अशी संधी मिळेल याची हमी कोणी दिली होती? प्राध्यापक सेलिग्मन आणि जॉन ड्युई यांच्या व्याख्यानांनी त्यांच्या विचाराला वळण दिले.

मोह केवळ करमणुकीचेच नसतात. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये असलेल्या लाला लजपतराय यांनी त्यांना आपल्या राजकीय कार्यात ओढून पाहिले. महाराजांशी झालेल्या कराराचा आणि अभ्यासाचा हवाला देऊन त्यांनी नम्रपणे नकार दिला. देशकार्याला नकार देणे त्या वयात सोपे नसते. आमच्या मते त्यांच्या विद्यार्थिदशेतील संयमाची ही खरी कसोटी होती.

१९१५ मध्ये प्राचीन भारतातील व्यापारावरील प्रबंधाने त्यांना एम. ए. ची पदवी मिळाली. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले. तेथे 'लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स' आणि 'ग्रेज इन' या दोन्ही ठिकाणी नावे घातली, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी मात्र त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली होती.

करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले. परदेशी विद्यापीठाच्या पदवीधराला तेथे राहायला कोणी जागा देईना. कचेरीतील शिपाई कागद लांबूनच टेबलावर टाकीत. न्यूयॉर्कने विसरायला लावलेली जात बडोद्याच्या स्थानकावर उतरताच पुन्हा समोर उभी ठाकली. नोकरी सोडून ते मुंबईस आले, सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे गाठीला बांधले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. या खेपेस संस्थानची शिष्यवृत्ती नव्हती. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांनी दिलेले कर्ज यांवर १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या.

रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ च्या अखेरीस लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आपल्या शिक्षणासाठी झिजलेल्या आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. दोन वर्षांनी प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ निघाला. त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची होती आणि तो अर्पण केला होता सयाजीराव गायकवाडांना.