गहाण पडलेले कोट आणि जनरल बूथ

नाताळ जवळ आला की आपल्या घरांतील कपाटे आवरली जातात. जुन्या कपड्यांचे गाठोडे कधी मंडळीतील गरजूंकडे जाते, कधी बोहारणीच्या डोक्यावर चढते आणि त्याच्या बदल्यात एखादे पातेले घरी येते. विल्यम बूथ यांना आपण मुक्तिफौजेचे संस्थापक म्हणून ओळखता. परंतु त्यांचे अंगमोड कष्टाचे दिवस अशाच गाठोड्यांच्या ढिगात गेले, हे कदाचित आपल्या कानी आले नसेल.

विल्यमचा जन्म १० एप्रिल १८२९ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. हे शहर लेस आणि मोजे विणणाऱ्यांचे. पण जगाला वस्त्र पुरविणाऱ्या त्या विणकरांच्याच अंगावर धड कपडे नसत. वडील व्यवसायात बुडाले आणि तेराव्या वर्षी विल्यमला शाळा सोडून गहाणवटीच्या दुकानात उमेदवारीला लागावे लागले. पुढच्याच वर्षात वडील वारले. आई लहानसे दुकान चालवून घर सांभाळू लागली.

गहाणवटीचे दुकान म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. सोमवारी सकाळी बायका रविवारचे ठेवणीतले कपडे घेऊन येत. कोट, शाल, बूट गहाण ठेवून चार पैसे नेत आणि शनिवारी मजुरी हाती आली की तेच कपडे सोडवून घेत. ज्याला ते साधले नाही त्याचा कोट मुदतीनंतर विक्रीला निघे. ज्याचा कोट गेला तो चर्चलाही येत नसे, कारण येणार कशाने? सहा वर्षे विल्यमने ही माणसे पाहिली. त्या वर्षांविषयी बूथ पुढे फारसे बोलत नसत. मला वाटते, ते मौनच पुरेसे बोलके आहे.

१८४४ मध्ये त्याचे मनःपरिवर्तन झाले. १८४९ मध्ये तो लंडनला आला, तेव्हाही पोटासाठी पुन्हा तसलेच दुकान नशिबी आले. १८५५ साली कॅथरीन ममफर्ड यांच्याशी विवाह, काही काळ मेथडिस्ट पाळकपद, मग १८६५ मध्ये पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीत सेवेचा प्रारंभ आणि १८७८ मध्ये तिचे मुक्तिफौज असे नामकरण, हा पुढचा प्रवास आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे.

१८९० मध्ये कॅथरीन कर्करोगाने मरणशय्येवर असताना बूथ इंग्लंडच्या दारिद्र्यावरील आपला ग्रंथ सिद्ध करीत होते. पत्रकार डब्ल्यू. टी. स्टेड यांचे त्यांना साहाय्य झाले. ४ ऑक्टोबर रोजी कॅथरीन प्रभूकडे गेल्या आणि त्याच महिन्यात ग्रंथ बाहेर पडला. देशातील सुमारे तीस लाख लोक, म्हणजे दहातला एक, दारिद्र्यात बुडालेला आहे, असा त्यांचा हिशेब होता. या ग्रंथातील एक योजना आपल्या विषयाशी थेट भिडते. श्रीमंतांच्या घरी जुने कपडे, फाटके बूट, बाटल्या, डबे, कागद रोज फेकले जातात आणि त्याच शहरात माणसेही टाकून दिलेली आहेत. तेव्हा बेकारांच्या तुकड्यांनी हातगाड्या घेऊन दारोदार फिरावे, हे सामान गोळा करावे, निवडावे, दुरुस्त करावे आणि त्यावर आपली भाकरी मिळवावी. चिंध्यांनाही मोल होते, कारण त्यांपासून कागद बनत असे. पर्यावरण हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता, पण नासाडी बूथ यांच्या डोळ्यांना खुपत होती.

त्यांनी प्रारंभासाठी एक लाख पौंड मागितले आणि काही महिन्यांतच ते जमले. टीकाही तेवढीच झाली. शास्त्रज्ञ हक्सले यांनी ‘टाइम्स’मध्ये पत्रांमागून पत्रे लिहिली. एका माणसाच्या हुकमतीखाली एवढा पैसा आणि एवढी माणसे असावीत का, हा त्यांचा प्रश्न अगदीच अनाठायी नव्हता. अखेर १८९२ मध्ये चौकशी समिती बसली आणि पैसा योग्य कामी लागल्याचा निर्वाळा तिने दिला. लंडनमध्ये बॅटरसी येथे टाकाऊ वस्तू निवडण्याचे केंद्र उघडले गेले, तरी ग्रंथातील भव्य स्वप्नाच्या मानाने ते लहानच राहिले.

ही योजना खरी रुजली ती अमेरिकेत, आणि तिच्यामागे उभा होता मुंबईला परिचित असलेला माणूस. फ्रेडरिक टकर सनदी नोकरी सोडून १८८२ मध्ये तीन सोबत्यांसह मुंबईत उतरले होते. रस्त्यावर मिरवणुका काढल्या म्हणून त्यांना अटकही झाली होती. येथे त्यांनी विलायती पोशाख टाकून भगवे वस्त्र आणि फेटा धारण केला. पुढे बूथ यांची कन्या एमा हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि ते बूथ-टकर झाले. अमेरिकेतील कामाची धुरा त्यांच्याकडे असताना, १८९७ मध्ये, न्यूयॉर्कमधील पुरुषांच्या एका आश्रयगृहाच्या तळघरात जुन्या वस्तूंचे काम सुरू झाले. तेथील बेघर माणसे हातगाड्या ढकलीत सधन वस्त्यांत जात, टाकलेले कपडे आणीत, ते नीट करून विकीत आणि त्यातून आपल्या निवाऱ्याचा खर्च भागवीत.

वार्धक्यात बूथ यांची दृष्टी गेली. २० ऑगस्ट १९१२ रोजी त्यांचे निधन झाले आणि लंडनच्या ॲबनी पार्क कबरस्थानात कॅथरीन यांच्या शेजारी त्यांना विसावा मिळाला.