फ्रेदेरिक ओझानाम

आंत्वान फ्रेदेरिक ओझानाम (जन्म : मिलान, २३ एप्रिल १८१३, मृत्यू : मार्सेल, ८ सप्टेंबर १८५३) हे फ्रेंच साहित्येतिहासकार, पॅरिसच्या सॉर्बॉन विद्यापीठातील परकीय साहित्याचे प्राध्यापक आणि संत विन्सेंट डी पॉल सोसायटी या सेवासंस्थेच्या संस्थापकांपैकी प्रमुख होते. ही संस्था धर्मगुरूंनी किंवा धनिकांनी काढलेली नाही. विद्यापीठात शिकणाऱ्या कॅथलिक विद्यार्थ्यांच्या एका लहानशा मंडळातून ती १८३३ मध्ये उभी राहिली. त्या वेळी ओझानाम कायद्याचे विद्यार्थी होते आणि विसावे वर्ष पूर्ण करीत होते.

बालपण व शिक्षण

ओझानाम यांचे वडील नेपोलियनच्या सैन्यातील माजी सैनिक. पुढे त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला आणि मिलान येथे व्यवसाय मांडला. उत्तर इटली त्या काळी फ्रेंचांच्या अमलाखाली होता. नेपोलियनच्या पाडावानंतर, १८१६ मध्ये, हे कुटुंब ल्यों या आपल्या मूळ गावी परतले. आईवडिलांना झालेल्या चौदा अपत्यांपैकी बहुतेक अल्पवयातच दगावली. गरीब रुग्णांना विनामूल्य तपासणे हा वडिलांचा नित्यक्रम होता आणि आईही वस्तीतील आजाऱ्यांकडे जात असे. पुढे १८३७ मध्ये अशाच एका रुग्णाला पाहावयास गेले असता जिन्यावरून पडून वडिलांचा अंत झाला.

ल्यों येथील शाळेत असताना, पंधराव्या-सोळाव्या वर्षी, ओझानाम यांच्या मनात धर्मश्रद्धेविषयी तीव्र संशय उत्पन्न झाले. तत्त्वज्ञानाचे शिक्षक आबे न्वारो यांनी या मुलाला उपदेश केला नाही. त्याला बरोबर घेऊन ते लांबवर फिरावयास जात आणि त्याच्या प्रश्नांवर प्रश्न विचारीत. या चर्चांतून ओझानाम यांची श्रद्धा स्थिर झाली. संशयाचा अनुभव स्वतः घेतलेला असल्याने पुढे अश्रद्ध सहाध्यायांशी बोलताना त्यांच्या बोलण्यात तुच्छता कधी आली नाही. १८३१ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, त्यांनी सँ-सीमाँ या विचारवंताच्या अनुयायांचे मत खोडून काढणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्याच वर्षाच्या अखेरीस वडिलांच्या इच्छेनुसार ते कायदा शिकण्यासाठी पॅरिसला आले.

पॅरिसमधील विद्यार्थिजीवन

१८३० च्या जुलै क्रांतीने बूर्बाँ घराण्याची सत्ता गेली आणि तिच्याशी जोडल्या गेलेल्या चर्चविषयी पॅरिसमध्ये मोठा रोष निर्माण झाला. विद्यापीठाच्या वर्गांत धर्मावर टीका होणे नित्याचे होते. लॅटिन क्वार्टर या विद्यार्थ्यांच्या वस्तीत प्रांतोप्रांतींची मुले भाड्याच्या खोल्यांतून राहत. त्यांच्यावर लक्ष ठेवणारे किंवा त्यांना एकत्र आणणारे कोणी नव्हते. ओझानाम यांनाही पहिली खाणावळ मानवली नाही आणि घरची आठवण सतत येत राहिली.

अशा अवस्थेत त्यांना आसरा दिला तो आंद्रे-मारी अँपिअर यांनी. विद्युत्प्रवाहाच्या एककाला ज्यांचे नाव आहे तेच हे शास्त्रज्ञ. अँपिअर मूळचे ल्यों परिसरातले होते. आपल्या मुलाची रिकामी खोली त्यांनी या तरुणाला दिली. एवढा मोठा शास्त्रज्ञ रोज प्रार्थना करतो हे जवळून पाहिल्यामुळे विज्ञान आणि श्रद्धा परस्परांच्या विरोधी असलीच पाहिजेत, हा त्या काळचा समज ओझानाम यांच्यापुरता तरी कायमचा निकालात निघाला.

१८३२ मध्ये सॉर्बॉनमधील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक तेओदोर जूफ्र्वा यांनी आपल्या व्याख्यानांत ईश्वरी प्रकटीकरणाच्या कल्पनेवर टीका केली. ओझानाम व त्यांच्या मित्रांनी वर्गात गोंगाट केला नाही. त्यांनी आपले आक्षेप लेखी स्वरूपात प्राध्यापकांकडे पाठविले. पहिल्या पत्रांची नीट दखल घेतली गेली नाही, तेव्हा अनेकांच्या सह्यांचे निवेदन दिले. अखेर जूफ्र्वा यांना भर वर्गात ते वाचून उत्तर द्यावे लागले. कॅथलिक विद्यार्थी संख्येने थोडे असले तरी मुके नाहीत, एवढे यावरून सर्वांना कळले.

चर्चामंडळ आणि एक आव्हान

एमान्युएल बाय्यी हे प्रौढ वयाचे पत्रकार विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह व वाचनालय चालवीत. त्यांच्या आश्रयाने एक इतिहास-चर्चामंडळ भरत असे. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान अशा विषयांवर तेथे निबंध वाचले जात. हे मंडळ सर्व मतांच्या विद्यार्थ्यांना खुले होते, हे त्याचे वैशिष्ट्य. वादविवाद जोरात रंगत आणि ओझानाम त्यांत आघाडीवर असत.

१८३३ च्या आरंभी अशाच एका सभेत एका सँ-सीमाँवादी विद्यार्थ्याने विचारले की, ख्रिस्ती धर्माने पूर्वी पुष्कळ केले हे मान्य आहे, पण आज तुम्ही काय करीत आहात? या प्रश्नाला वादाने उत्तर देता येणे शक्य नव्हते, आणि ओझानाम यांनी तसा प्रयत्नही केला नाही. आदल्या वर्षी पटकीच्या साथीत एकट्या पॅरिसमध्ये १८,०००हून अधिक माणसे मरण पावली होती आणि विद्यापीठाच्या मागच्याच गल्ल्यांत अन्नावाचून तळमळणारी कुटुंबे राहत होती. त्या संध्याकाळी ओझानाम आणि त्यांचे मित्र ओग्युस्त ल तायांदिए यांनी आपल्याजवळ उरलेली हिवाळ्याची जळाऊ लाकडे उचलून एका गरीब घरी नेऊन दिली, अशी परंपरागत हकीकत सांगतात.

२३ एप्रिल १८३३ रोजी, म्हणजे ओझानाम यांच्या विसाव्या वाढदिवशी, बाय्यी यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीत पहिली बैठक झाली. ओझानाम, ल तायांदिए, पॉल लामाश, फ्रांस्वा लालिए, झ्यूल दव्हो आणि फेलिक्स क्लाव्हे हे सहा विद्यार्थी हजर होते. अध्यक्षस्थानी बाय्यी होते.

कामाची रीत

गरिबांना मदत करण्याची इच्छा असली तरी या मुलांना गरिबांची ओळख नव्हती. बाय्यी यांनी त्यांना मूफ्तार भागात काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रेंद्यू यांच्याकडे पाठविले. या धर्मभगिनीने त्यांना कुटुंबांची यादी दिली, भाकरी आणि कोळशासाठी दुकानदाराला द्यावयाच्या चिठ्ठ्या पुरविल्या आणि गरिबाच्या घरात कसे बसावे, कसे बोलावे हेही शिकविले. ओझानाम यांचे नाव जगभर झाले, पण या मुलांना खऱ्या अर्थाने घडविणारी शिक्षिका हीच, असे म्हणावयास हरकत नाही.

मंडळाची रीत साधी होती. आठवड्यातून एकदा बैठक, आरंभी व शेवटी प्रार्थना. प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या कुटुंबाची हकीकत सांगावयाची आणि काय द्यावयाचे ते सर्वांनी मिळून ठरवावयाचे. शेवटी वर्गणी गोळा होई, ती कोणी किती दिली हे इतरांना न कळेल अशा बेताने. मदत पोचविण्यासाठी नोकर पाठविणे मंजूर नव्हते. सदस्याने स्वतः जिना चढून गेलेच पाहिजे, कुटुंबाजवळ बसले पाहिजे, मुलांच्या अभ्यासाची चौकशी केली पाहिजे, असा आग्रह असे. सत्ताधारी आणि विरोधक यांच्या राजकारणाला बैठकीत थारा नव्हता. १८३४ मध्ये मंडळाने सतराव्या शतकातील संत विन्सेंट डी पॉल यांचे नाव घेतले.

फुटण्याचा प्रश्न

१८३४ च्या अखेरीस सदस्यसंख्या शंभराच्या आसपास गेली आणि बैठकीची खोली अपुरी पडू लागली. मंडळाचे भाग पाडावेत, असा प्रस्ताव ओझानाम यांनी मांडला. डिसेंबरमध्ये त्यावर लागोपाठ बैठका झाल्या. परक्या शहरात ज्या मुलांना याच मंडळात घर मिळाले होते त्यांना ही सूचना सहन होईना. मैत्री हाच या मंडळाचा प्राण आहे आणि तो फोडला तर काहीच उरणार नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. काहींच्या डोळ्यांत पाणी आले. विरोध करणाऱ्यांत पहिल्या दिवसापासूनचे सहकारीही होते, आणि त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. ओझानाम यांनाही मैत्री कमी प्रिय नव्हती. त्यांच्या पत्रव्यवहाराचा मोठा भाग मित्रांसाठीच खर्च झाला आहे. तरीही मित्रांचा कंपू म्हणून राहिलेले मंडळ सदस्यांचे शिक्षण संपताच विरून जाईल, हे त्यांनी ओळखले होते. वर्षाअखेरपर्यंत एकमत झाले नाही. १८३५ च्या आरंभी मात्र विभागणी झाली आणि त्याच वर्षी लेखी नियम तयार झाले.

या निर्णयाचे फळ लवकरच दिसले. पदवी घेऊन गावी परतणारा प्रत्येक विद्यार्थी तेथे नवे मंडळ काढू लागला. नीम येथे १८३५ मध्ये, रोम येथे १८३६ मध्ये, लंडन व डब्लिन येथे १८४४ मध्ये आणि अमेरिकेतील सेंट लुईस येथे १८४५ मध्ये शाखा निघाल्या.

नोत्र दाममधील व्याख्याने

याच काळात ओझानाम यांनी आणखी एक गोष्ट घडवून आणली. सुशिक्षित तरुणांच्या शंकांना त्यांच्या भाषेत उत्तर देणारी प्रवचने व्हावीत, अशी विनंती त्यांनी मित्रांसह पॅरिसचे आर्चबिशप द केलाँ यांना १८३३ मध्ये आणि पुन्हा १८३४ मध्ये केली. दुसऱ्या अर्जावर सुमारे दोनशे विद्यार्थ्यांच्या सह्या होत्या. आर्चबिशपांनी प्रथम नेहमीच्या धाटणीच्या सात प्रवचनकारांची योजना केली. त्याने विद्यार्थ्यांचे समाधान झाले नाही. शेवटी १८३५ च्या उपवासकाळात नोत्र दाम कॅथीड्रलमध्ये आंरी लाकोर्देर या तरुण धर्मगुरूची व्याख्याने सुरू झाली आणि तेथे हजारोंची गर्दी लोटली. नोत्र दाममधील ही व्याख्यानपरंपरा आजही चालू आहे.

प्राध्यापक ओझानाम

कायद्याची डॉक्टरेट १८३६ मध्ये मिळाली तरी वकिलीत त्यांचे मन रमले नाही. १८३९ मध्ये दान्तेवरील प्रबंधासाठी त्यांना साहित्याची डॉक्टरेट मिळाली. काही काळ ल्यों येथे त्यांनी व्यापारी कायदा शिकविला. त्या व्याख्यानांत मजुरी, कामाचे तास आणि कामगारांचे हक्क यांवर त्यांनी मांडलेले विचार काळाच्या पुढचे होते. १८४० मध्ये अध्यापकपदाच्या राष्ट्रीय परीक्षेत ते पहिले आले. क्लोद फोरिएल यांचे बदली व्याख्याते म्हणून ते सॉर्बॉनमध्ये रुजू झाले आणि फोरिएल यांच्या निधनानंतर १८४४ मध्ये त्याच पदावर कायम झाले. दरम्यान २३ जून १८४१ रोजी ल्यों येथील अमेली सुलाक्र्वा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८४५ मध्ये त्यांना मारी ही कन्या झाली. दर महिन्याच्या २३ तारखेला पत्नीला फुले देण्याचा नेम त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

व्याख्यानापूर्वी ते अतिशय अस्वस्थ असत, पण बोलू लागले की सभागृह तल्लीन होई. तास संपल्यावर विद्यार्थी लक्झेंबर्ग उद्यानातून त्यांच्याबरोबर बोलत बोलत घरापर्यंत जात. १८४५ च्या अखेरीस शार्ल लनॉर्माँ या सहकाऱ्याने कॅथलिक मताकडे वळल्याचे लपविले नाही म्हणून काही विद्यार्थ्यांनी त्यांचे वर्ग उधळावयास सुरुवात केली. तेव्हा ओझानाम उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि विचारस्वातंत्र्य मागणाऱ्यांनी ते इतरांनाही दिले पाहिजे, अशी जाणीव विद्यार्थ्यांना करून दिली. लनॉर्माँ यांना मात्र अखेर अध्यापन सोडावे लागले.

दान्ते, प्राचीन जर्मन समाज, तेराव्या शतकातील फ्रान्सिस्कन कवी आणि पाचव्या शतकातील संस्कृती हे त्यांच्या ग्रंथांचे विषय. रोमन साम्राज्य कोसळत असताना संस्कृती कशी टिकली, हा या सर्वांमागचा एकच प्रश्न होता.

१८४८ आणि नंतर

गरिबांच्या घरी पंधरा वर्षे जाऊन ओझानाम यांची एक खात्री झाली होती. भाकरीची चिठ्ठी आवश्यक आहे, पण ती पुरेशी नाही. दान जखमेवर मलम लावते, जखम करणारे हात मात्र न्यायानेच थांबविता येतात. १८४८ च्या फेब्रुवारीतील क्रांतीचे त्यांनी स्वागत केले. लाकोर्देर व मारे यांच्यासह त्यांनी एक दैनिक चालविले, घटनासमितीची निवडणूक लढविली आणि ते हरले. पूर्वी चर्च जसे रानटी टोळ्यांकडे गेले तसे आता त्याने कष्टकरी जनतेकडे गेले पाहिजे, ही त्यांची मांडणी अनेक कॅथलिकांना मुळीच रुचली नाही. संस्थेच्या कामावर समाजवाद्यांकडून होणारी टीका, म्हणजे ती गरिबीची कारणे सोडून लक्षणांवर उपचार करते, आजही होते. या टीकेचे गांभीर्य ओझानाम यांनी जितके ओळखले तितके त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांनी ओळखले नाही.

जूनमध्ये पॅरिसच्या रस्त्यांत कामगार आणि सैन्य यांच्यात लढाई पेटली. ओझानाम यांनी दोन मित्रांसह आर्चबिशप आफ्र यांच्याकडे जाऊन मध्यस्थी करण्याची विनंती केली. आफ्र तत्काळ निघाले. अडथळ्यांच्या रांगेजवळ त्यांना गोळी लागली आणि २७ जून रोजी त्यांचे निधन झाले.

अखेरचे दिवस

मूत्रपिंडाच्या विकाराने ओझानाम दीर्घकाळ त्रस्त होते. १८५२ च्या ईस्टरच्या सुमारास ते तापाने अंथरुणावर असताना, प्राध्यापक पगार घेतात आणि शिकवीत नाहीत, अशी ओरड विद्यार्थ्यांनी केल्याचे त्यांच्या कानी आले. सर्वांचा विरोध डावलून ते उठले, सॉर्बॉनमध्ये गेले आणि त्यांनी व्याख्यान दिले. ते त्यांचे शेवटचे ठरले. हवापालटासाठी ते इटलीत राहिले. तेथेही, चालणे कठीण झाले असताना, ते सोसायटीच्या शाखांना भेटी देत होते. ऑगस्ट १८५३ च्या अखेरीस त्यांनी फ्रान्सकडे परतीचा समुद्रप्रवास सुरू केला, पण मार्सेलला उतरल्यावर पुढे जाता आले नाही. चाळिसाव्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले.

वारसा

संस्थापक कोण, यावरून त्यांच्या मृत्यूनंतर वाद झाला. पहिले अध्यक्ष बाय्यी होते, सिस्टर रोझालींचे मार्गदर्शन होते आणि सहाही विद्यार्थ्यांचा वाटा होता. ओझानाम यांनी स्वतः संस्थापक म्हणवून घेणे नेहमीच टाळले. त्यामुळे एकट्या व्यक्तीच्या नावावर हे श्रेय टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. सोसायटी आज सुमारे १५० देशांत कार्य करते. मुंबई, वसई आणि गोवा येथील अनेक धर्मग्रामांतही तिची मंडळे आहेत.

२२ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिस येथे जागतिक युवा दिनाच्या वेळी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ओझानाम यांना नोत्र दाममध्ये ‘धन्य’ घोषित केले. संतपदाच्या आधीची ही पायरी होय. सिस्टर रोझाली यांना हा मान २००३ मध्ये मिळाला. ओझानाम यांचे दफन पॅरिसमधील कार्मेलाइट मठाच्या चर्चच्या तळघरात आहे. त्या मठाच्या वास्तूत १८७५ मध्ये पॅरिसचे कॅथलिक विद्यापीठ सुरू झाले आणि ते आजही तेथेच भरते.